मीटर कपाटात ठेवून फॉल्ट सापडत नाही

सकाळपासून काय चाललंय तुझं? बॉड रेट ९६०० चा १९२०० केलास, परत ९६०० वर आणलास. ड्रायव्हर काढलास, पुन्हा टाकलास. शेजारच्या बॅचची केबल मागून आणलीस. आणि मल्टीमीटर? तो कपाटातच. थर्ड इयरला येऊन ही तऱ्हा!

म्हणे, "सर, लॅबच्या जुन्या पीसीवर चालतं, लॅपटॉपवर चालत नाही." अरे, फॉल्ट तूच तोंडाने सांगतोयस! जुन्या पीसीचा सिरियल पोर्ट १२ व्होल्टच्या सप्लायवर चालतो. तुझी यूएसबी केबल ५ व्होल्टवरून चार्ज पंपाने कसेबसे पाच-सहा उभे करते. सिग्नलला तेवढे पुरतात, रिसीव्हरला उणे किंवा अधिक ३ ओलांडले की झालं. पण तुझ्या आरएस-४८५ कन्व्हर्टरला अॅडॅप्टर कुठाय? तो ४ आणि ७ नंबरच्या पिनांवरून, म्हणजे डीटीआर-आरटीएसवरून, पॉवर ओढतो. त्या पिना सिग्नलसाठी आहेत. स्टँडर्ड मागतं काय, तर ३००० ओहमच्या लोडवर ५ व्होल्ट. करंट काढ बघू. दोन मिलीअॅम्पसुद्धा नाही! त्यावर कन्व्हर्टर पोसायचा?

मोकळ्या पिनेवरचं रीडिंग मला दाखवू नकोस. कन्व्हर्टर लावून मोज, व्होल्टेज कुठवर बसतं ते बघ. आणि आधी सॉफ्टवेअरमधून पोर्ट उघड. पोर्ट बंद असताना डीटीआर निगेटिव्हच दिसणार, मग धावत येशील केबल खराब म्हणून.

पिन नंबर पाठ आहेत म्हणून अंदाजाने प्रोब लावू नकोस. कनेक्टरवर ते बारीक कोरलेले असतात, डोळे जवळ नेऊन वाच. मेल आणि फिमेलवर ते उलट्या बाजूने मोजले जातात. काळी प्रोब ५ वर, लाल ३ वर. डेटा जात नसताना तिथे निगेटिव्ह व्होल्टेज हवं. अधिक ३.३ किंवा ५ आले, तर ती टीटीएल केबल आहे, आरएस-२३२ नव्हे.

आणि हीच वायर "चालतंय का बघू" म्हणत ईएसपी-८२६६ च्या पिनेला लावायला निघाला होतास! ३.३ व्होल्टची पिन ती. तिच्यात उणे सहा घालायचे? मध्ये मॅक्स-३२३२ नको? बोर्ड गेला असता, आणि तू पुन्हा ड्रायव्हरच शोधत बसला असतास. मला राग येतो तो याचा. डोकं आहे तुला, हातही चांगला आहे, पण मोजायचा कंटाळा!

ऊठ, मीटर काढ. डीटीआर आणि आरटीएस, दोन्हींचं रीडिंग कन्व्हर्टरसकट आणि कन्व्हर्टरशिवाय वहीत लिही. मग बाहेरून ५ व्होल्ट देऊन परत घे. चारच्या आत वही माझ्या टेबलावर हवी.