हंगामी

दिवाळी सरली की पुण्यात स्वेटरचे स्टॉल उभे राहतात. बांबू, ताडपत्री, दोरीवर ओळीनं टांगलेली जाकिटं, खाली ढीग घातलेले मफलर आणि कानटोप्या. विकणारे पुष्कळदा तिबेटी. माल लुधियानाचा. विक्रेत्यांची राहती गावं कर्नाटकातली बैलकुप्पे किंवा मुंडगोड, आणि मूळ गाव विचारलं तर ते १९५९ नंतर आजी-आजोबांनी हिमालयापलीकडे सोडलेलं. ‘एकच भाव’ अशी पाटी समोर लटकत असतानाही पुणेकर घासाघीस करतो. समोरचा हसून मान हलवतो.

थंडी तरी केवढी! १७ जानेवारी १९३५ला पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. एरवी १०-१२ अंशांनाच पेठांमधल्या कपाटांतून शाली बाहेर येतात. बर्फाच्या मुलखातल्या माणसांच्या नातवंडांनी अशा शहराला ऊब विकायची, तीही जेमतेम तीन महिने. माल बहुतेक उधारीवर, लुधियानाच्या व्यापाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या शब्दावर मिळतो. हंगाम संपला की ती उधारी चुकती करायची आणि लोसारला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात येणाऱ्या तिबेटी नववर्षाला, वसाहतीत परतायचं.

मराठीत ‘हंगामी’ या शब्दाला जरा कमीपणाच चिकटलेला आहे. हंगामी कामगार, हंगामी अध्यक्ष. सगळी धडपड ‘कायम’ होण्यासाठी. ‘पोरगं कायम झालं’ या तीन शब्दांवर पेढे वाटले जातात. आणि हे विक्रेते ज्या धर्मात वाढले, तो तर सांगतो की कायम असं काहीच नाही. मग ऋतूपुरतं राहणारा माणूस, ज्याचं बिऱ्हाड पाठीवर, तो अनित्यतेच्या सत्याजवळ आपोआप पोहोचलेला असतो का? की घर नसणं ही साधना केव्हा आणि सजा केव्हा, हे आणखी कशावर तरी ठरतं?

ऋतूपुरतं एका जागी राहण्याचा विचार बौद्ध परंपरेनं फार बारकाईनं केला आहे. विनयपिटकात वर्षावासाच्या नियमाची हकिगत येते, आणि तिची सुरुवात ध्यानधारणेच्या गरजेतून नव्हे, लोकांच्या तक्रारीतून होते. भर पावसात हे श्रमण हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, किडामुंगी चिरडतात. पाखरंसुद्धा या दिवसांत घरटं करून राहतात, मग यांना काय झालं? बुद्धानं ती कुरकुर मानली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहायचा नियम घातला. निकडीचं काम निघालं तर सात दिवसांपर्यंत बाहेर जायची मुभा. मुक्काम संपताना पवारणा: प्रत्येक भिक्खूनं इतरांना विचारायचं, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं, किंवा तशी शंका आली असेल तर सांगा. दिवाळीनंतर आलेल्या विक्रेत्याला जाताना असं काही विचारायला पुण्यात कुणी सापडेल का, हा प्रश्न जरा आगाऊ आहे. पण त्याला राहू देणाऱ्या शहरानं हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही.

कारण वर्षावासाला दुसरी बाजूही होती, राहू देणाऱ्यांची. ती पाहायला पुण्याहून लोकल पकडून मळवलीला उतरावं आणि कार्ल्याची लेणी चढावीत. नहपान क्षत्रपाचा जावई ऋषभदत्त याचा एक लेख तिथे आहे. वलूरकच्या, म्हणजे याच लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी त्यानं करजिक नावाचं गाव दान दिलं, आणि हे दान कुठल्याही दिशेनं आलेल्या संघाला लागू ठेवलं. तीन महिन्यांत निघून जाणारे, कुठून आले ते न विचारता, त्यांच्यासाठी अख्ख्या गावाचं उत्पन्न. त्यांच्या वैराग्याचं कौतुक त्यानं केलंही असेल. कोरून मात्र ठेवला तो व्यवहार.

याच्या नेमका उलटा व्यवहार विसाव्या शतकात स्वित्झर्लंडनं केला. स्कीच्या गावांतली हॉटेलं, बांधकामं, शेतं चालवायला इटली, स्पेन, पोर्तुगाल, युगोस्लाव्हियातून माणसं लागत. १९३४पासून २००२पर्यंत त्यांच्यासाठी हंगामी परवान्याची पद्धत होती: वर्षाला जास्तीत जास्त नऊ महिने, मग देशाबाहेर जायचं, बायकामुलं आणायची नाहीत. काहींनी तरीही मुलं आणली आणि शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून दिवसभर घरात दडवून ठेवली. बर्फावरून घसरणाऱ्या पाहुण्यांना आणि भिंतीआड गप्प बसलेल्या पोरांना डोंगर एकच होता. विनयाचा नियम म्हणतो, तीन महिने इथून हलू नकोस. परवाना म्हणतो, नऊ महिन्यांनंतर इथे दिसू नकोस.

पुण्यात भिंतीआड मुलं दडवायची वेळ येत नाही, हे खरं. इथला दोष गोड आहे, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. ‘किती शांत असतात ना ही माणसं!’ गिऱ्हाईक म्हणतं आणि त्या हसण्याचं सारं श्रेय बुद्धाला देऊन टाकतं. डोक्यावर लुधियानाची उधारी आहे, यंदा थंडी पडली नाही तर अर्धा माल परत बांधायचा आहे, मुलं वसाहतीत शाळेत आहेत, हे त्या कौतुकात कुठेच बसत नाही. तशी हंगामी माणसं पुणे जिल्ह्याला नवी नाहीत. दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोड मजूर येतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत गळीत हंगामभर फडाजवळच्या कोप्यांत राहतात. त्या कोपीला वैराग्य म्हणायची छाती अजून कुणाची झालेली नाही. मफलर विकणाऱ्याच्या ताडपत्रीला मात्र अध्यात्माचा वास येतो, कारण तो दूरचा आहे, आणि दलाई लामांचा फोटो त्याच्या मागे लावलेला असतो.

म्हणून सक्तीच्या मुक्कामात धर्माला काही जागाच नाही, असं म्हणणंही घाईचं ठरेल. तिबेटी परंपरेला प्रिय असलेला नालंदेचा शांतिदेव ‘बोधिचर्यावतारा’च्या सहाव्या प्रकरणात क्षमेचा म्हणजे सहनशीलतेचा विचार मांडतो. दुःखातूनही काही कमावता येतं, गर्व उतरतो, इतरांबद्दल करुणा जागते, असा त्याचा सांगावा. स्टॉलवरच्या कुणाला याचा आधार वाटत असेल तर ते त्याचं धन. पण शांतिदेव ही समजूत आपल्याच मनाची घालतो, दुसऱ्याच्या नाही. ‘सोसण्यातून मी शिकतो’ आणि ‘सोसण्यातून तो शिकेल’ यांत कर्ता बदलला की अर्थ पार फिरतो. पहिल्यात साधना असू शकते. दुसऱ्यात बोलणाऱ्याची सुटका असते, आणि बहुधा पन्नास रुपये कमी करून मागण्याची तयारीही.

निवडलेल्या बेघरपणाचीही किंमत असतेच, आणि ती निवडणाऱ्यालाच पडते असं नाही. धर्मानंद कोसंबी १८९९मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून बौद्ध धर्माच्या शोधात निघाले, सिलोन-ब्रह्मदेशापर्यंत गेले आणि पुढे १९१२पासून सहा वर्षं फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत पुण्यात राहिले. मराठीला बुद्ध मिळाला. मधल्या वर्षांची झळ घरच्यांनी सोसली.

इथपर्यंत निवड आणि सक्ती अशा दोन फळ्या सरळ पाडता येतात. पण तिबेट्यांच्या बाबतीत त्या टिकत नाहीत. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्यानं जन्मतःच भारतीय ठरतो, आणि हे तिबेट्यांनाही लागू असल्याचं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१०मध्ये स्पष्ट केलं. काहींनी नागरिकत्व घेतलं. पुष्कळांनी घेतलेलं नाही. परदेशी म्हणून नोंदणीचा दाखला वेळोवेळी नवा करून घेत ते राहतात. त्यामागे वसाहतीतल्या सवलतींचा हिशेब आहे, कागदपत्रांचा जाच आहे, आणि काहींच्या मनात एक हट्टही आहे: इथे कायम झालो तर परत जायचा दावा सुटला. म्हणजे ही बेघर अवस्था मुळात सक्तीची, पण तिला साठ वर्षं धरून ठेवणं मात्र स्वखुशीचं. अनासक्ती म्हणावी तर यात तिबेटची आसक्ती किती खोल आहे! आणि आसक्ती म्हणावी तर मिळू शकणारं घर नाकारण्याची ताकद आली कुठून?

कार्ल्याच्या चैत्यगृहात आणखी एक लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं हे शैलगृह पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा तो लेख सांगतो. वैजयंती म्हणजे आजचं बनवासी, उत्तर कन्नड जिल्ह्यात. मुंडगोडची तिबेटी वसाहतही त्याच जिल्ह्यात. दोन हजार वर्षांपूर्वी त्या बाजूचा एक व्यापारी घाटमाथ्यावर आला, तो स्वतः किती दिवस राहिला हे काही त्यानं कोरलेलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर तिकडूनच निघालेली माणसं पुन्हा पुण्यात उतरतील, ताडपत्री बांधतील, पाटी लावतील, आणि ती नीट वाचून कुणीतरी विचारेल, ‘बरं, शेवटचं किती?’