मूल सांगेल कुणाला?

२०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ हा ऑनलाइन खेळ मुलांना हातावर जखमा आणि शेवटी आत्महत्या करायला लावतो, अशा बातम्यांनी घराघरांत धडकी भरवली. आईवडील मुलांचे हात तपासू लागले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, तपासलेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. तोवर पालकांच्या मनात मात्र एक समज घट्ट बसला होता: धोका म्हणजे एखादे भयंकर अ‍ॅप, ते काढून टाकले की मूल सुरक्षित.

प्रत्यक्षात धोका फार गोड बोलत येतो. गेमच्या चॅटमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर कुणीतरी ओळख काढतो, ‘मीपण नववीत आहे’ म्हणतो. घरी झालेली कुरबुर तो मन लावून ऐकतो. मग ‘व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’, मग ‘हे घरी सांगू नकोस’, मग खासगी फोटोची मागणी. फोटो हाती पडताच भाषा फिरते. मुलाच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो आणि खाली एक ओळ: ‘ह्या सगळ्यांना पाठवू?’ पैसे दिले किंवा आणखी फोटो पाठवले, तरी मागणी थांबत नाही, वाढतेच.

त्या क्षणी मूल हिशेब करते. घरी सांगितले तर फोन जाईल, मार बसेल, ‘आमचं नाक कापलंस’ हे ऐकावे लागेल. धमकावणाऱ्याचे सगळे भांडवल म्हणजे हा हिशेब. ‘पुन्हा काही दिसलं तर फोन काढून घेईन’ असे आपण रागाच्या भरात म्हणतो, तेव्हा त्या भांडवलात आपणच भर घालतो.

लहान मुलांच्या फोनवर गूगलच्या फॅमिली लिंकसारख्या अ‍ॅपची देखरेख हवीच. कंपन्यांनाही जबाबदार धरायला हवे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली. पण चौदा वर्षांच्या मुलाला मित्राचा फोन मिळतो, खोटी जन्मतारीखही टाकता येते. सगळी कुलपे उघडल्यावरही टिकते ती एकच गोष्ट: मुलाने येऊन सांगणे.

ते सांगेल तेव्हा पहिले वाक्य असावे, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ चौकशी नंतर. पैसे द्यायचे नाहीत. चॅट पुसायचे नाही. धमक्या, खात्याचे नाव, मागितलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मग ब्लॉक करायचे. तो फोटो नातेवाइकांनाही पाठवायचा नाही. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा फोटोचा डिजिटल ठसा तयार करते आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकतात. त्यासाठी मूळ फोटो फोनबाहेर जात नाही.

पोलिसांत जायला पालक कचरतात. पण मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. हे ठाऊक असलेल्या पालकाने आपला हक्क ठामपणे मागावा.

मूल मोठी गोष्ट सांगण्याआधी छोट्या गोष्टींवर आपल्याला पारखत असते. न विचारता गेमवर दोनशे रुपये उडवल्याचे ते कबूल करते, तेव्हा आपण कसे वागतो हे ते पाहून ठेवते. पैशांची चूक समजावून सांगा, पुढच्या खर्चाचा नियम ठरवा, पण सांगण्याची शिक्षा देऊ नका. मोठ्या संकटात ते कुणाकडे येणार, हे अशा दोनशे रुपयांच्या वेळीच ठरते.