मुलांचे वय ओळखा



शुक्रवारी वडिलांचे बोट धरून मशिदीत आलेले चार वर्षांचे मूल सफांमधून धावू लागते आणि कोणीतरी त्याच्यावर खेकसतो. त्याच घरातील पंधरा वर्षांचा मुलगा एखादी शंका विचारतो, तेव्हा ‘तुला काय कळते?’ म्हणून त्याला गप्प बसविले जाते. लहानाकडून मोठेपणाची अपेक्षा आणि मोठ्याला लहानाची वागणूक, हीच आपल्या संगोपनातील चूक आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण पाहा. ते सजद्यात असताना नातू पाठीवर बसला, तेव्हा त्यांनी सजदा लांबविला. बाळाची हौस फिटण्याआधी उठणे त्यांना आवडले नाही. बालक उमर बिन अबी सलमा (रजि.) यांचा हात जेवताना ताटभर फिरू लागला. प्रेषितांनी (स.) त्यांना रागे भरले नाही, अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने व आपल्यापुढचे खावे, एवढेच शिकविले. समज येऊ लागलेल्या मुलाला काय चुकले यापेक्षा काय करावे, हे सांगणे अधिक उपयोगी असते.

नमाजविषयीची हदीस आपणास ठाऊकच आहे. सातव्या वर्षी मुलांना नमाज पढण्यास सांगावे. कठोर होण्याची वेळ दहाव्या वर्षी येते. मधल्या तीन वर्षांत पाच हजारांहून अधिक नमाजच्या वेळा येतात. म्हणजे कठोरतेपूर्वी पाच हजार वेळा प्रेमाने बोलावण्याची संधी! आपण त्यातील किती वेळा मुलाला स्वतःसोबत उभे केले?

तारुण्याची वाट आणखी निराळी. एका तरुणाने प्रेषितांकडे (स.) व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर संतापले. प्रेषितांनी (स.) मात्र त्याला जवळ बसविले, हे तुझ्या आईच्या, मुलीच्या, बहिणीच्या बाबतीत तुला रुचेल काय, असे एकेक विचारून त्याच्याच विवेकाला जागे केले. मग त्याच्यावर हात ठेवून दुआ केली.

मातापित्यांनो, बाळाला सवड, बालकाला शिकवण आणि तरुणाला संवाद हवा. ज्या घरात प्रश्नाला जागा नसते, तेथील मूल उत्तर घराबाहेर शोधते. संतती ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे आणि तिच्याविषयी आपणास जाब द्यावयाचा आहे.

अल्लाह आम्हाला आमच्या मुलांना समजून घेण्याची सुबुद्धी देवो. आमीन.