बहुमत कीं मताधिक्य ?

लोकशाहीचा गाडा बहुमतानें चालतो, हें वाक्य इतक्या वेळां उच्चारलें जातें, कीं त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. वस्तुतः ज्या साध्या मताधिक्याच्या पद्धतीनें ब्रिटनमध्यें व आपल्या देशांत लोकसभेच्या निवडणुका होतात, तींत बहुमताची अट मुळींच नाहीं. १०० मतांपैकीं ४० एकास, ३५ दुसऱ्यास व २५ तिसऱ्यास पडलीं, तर पहिला निवडून येतो; इतर ६० जणांनीं त्यास पसंत केलें नाहीं, ही गोष्ट हिशेबांत धरली जात नाहीं.

हें झालें एका मतदारसंघाचें. सर्व मतदारसंघांची बेरीज केली म्हणजे याहूनहि विचित्र फळ पदरीं पडूं शकतें. १९५१ सालीं ब्रिटनमध्यें मजूरपक्षास ४८.८ टक्के, तर हुजूरपक्ष व त्याचे साथीदार यांस ४८ टक्के मतें मिळालीं; जागा मात्र अनुक्रमें २९५ व ३२१ मिळाल्या आणि मुख्य प्रधानपद चर्चिल यांजकडे गेलें. मजूरपक्षाचीं मतें त्याच्या बालेकिल्ल्यांत ढिगानें सांचलीं होतीं. आणि विजयास लागतात त्यांहून अधिक पडलेलीं मतें जागा वाढवीत नाहींत. न्यूझीलंडमध्येंहि १९७८ व १९८१ सालीं कमी मतांच्या पक्षानेंच राज्य मिळविलें. १९८१ सालीं तर सोशल क्रेडिट पक्षास सुमारें २० टक्के मतें पडूनहि ९२ पैकीं अवघ्या २ जागा मिळाल्या. अखेर १९९३ सालीं तेथील लोकांनीं सार्वमतानें ही पद्धति टाकली व प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मिश्र पद्धति स्वीकारली.

मग ही पद्धति अन्यायाचीच म्हणावयाची काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. तिची मोजणी निरक्षरासहि कळते. प्रत्येक मतदारसंघास आपला असा एक प्रतिनिधि मिळतो. नकोसें झालेलें सरकार बहुधा एका निवडणुकीनें घालवितां येतें. ब्रिटिश मतदारांनीं २०११ सालीं पसंतिक्रमाची पद्धति सार्वमतांत नाकारली, हेंहि विसरतां येत नाहीं.

आमचा आक्षेप आहे तो या पद्धतीवरून काढल्या जाणाऱ्या अनुमानावर. राज्यकारभार कोणीं करावा, या तंट्याचा निकाल मताधिक्यानें लागतो; कोणाचें म्हणणें खरें, याचा लागत नाहीं. तंटा मिटावा म्हणून पराभूतांनीं निकाल मानावा, हें त्यांचें कर्तव्यच होय. परंतु निकाल मानणें म्हणजे मत सोडणें नव्हे. ज्या ६० जणांनीं विजयी उमेदवारास मत दिलें नाहीं, त्यांच्याहि वतीनें बोलण्याचा अधिकार कायदा त्यास देतो. म्हणूनच त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याचें ऋण त्याच्या माथीं आहे. तें कोणतेंहि न्यायालय वसूल करूं शकत नाहीं. तें फेडणें त्याच्या विवेकाकडे राहतें, आणि मताधिक्याच्या राज्याची अब्रूहि तेथेंच राहते.