कंटाळ्याचा अधिकार

एखादी कलाकृती कंटाळवाणी वाटली, तर दोष कोणाचा समजावयाचा, कलाकृतीचा की पाहणाराचा? प्रश्न जुनाच आहे. परंतु हल्लीच्या काळात तो घरोघरी, रोज संध्याकाळी, नव्याने उपस्थित होत असतो. पूर्वी नाटक रंगले नाही तर प्रेक्षक चुळबूळ करी. तथापि तिकिटाचे पैसे मोडलेले असत, शेजारी चार ओळखीची माणसे बसलेली असत, म्हणून तो बहुधा भरतवाक्यापर्यंत बसून राही. आज त्याच्या हाती कळ आहे. ती एकदा दाबली की कथा दहा सेकंद पुढे सरकते. दुसरी दाबली की ती नाहीशीच होते. कंटाळा ही एके काळी सोसावयाची गोष्ट होती. आता ती निकाल देण्याची गोष्ट झाली आहे. या निकालाचा अधिकार कोठवर पोचतो, याचा थोडा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

विचारास आधार म्हणून एक उदाहरण घेऊ. ‘टेल्स फ्रॉम द लूप’ ही आठ भागांची विज्ञानकथांची मालिका ॲमेझॉनने ३ एप्रिल २०२० रोजी प्रेक्षकांपुढे आणली. तिचे मूळ एखाद्या कादंबरीत नसून चित्रांत आहे, हे तिचे वैशिष्ट्य होय. सायमन स्टोलेनहाग या स्वीडिश चित्रकाराने स्टॉकहोमजवळच्या ग्रामीण भागातील आपल्या बालपणाची चित्रे काढली. तीच शेते, तीच घरे, तेच बर्फ. मात्र त्या शेतांत गंजत पडलेले यंत्रमानव आणि क्षितिजावर अजस्र मनोरे. मालिकेने हे दृश्य अमेरिकेतील ओहायो प्रांतात नेले. गावाच्या पोटात, जमिनीखाली, विश्वाची कोडी उलगडण्यासाठी बांधलेले एक प्रचंड यंत्र आहे, आणि वर साधीसुधी माणसे आपापली सुखदुःखे घेऊन जगत आहेत. प्रत्येक भाग सुमारे तासाभराचा. त्यात घडते थोडे. दिसते मात्र पुष्कळ. फिलिप ग्लास यांच्यासारख्या संगीतकाराचा हात लागलेले संगीत मागे वाहत असते आणि पात्रे बोलण्यापूर्वी बराच वेळ गप्प राहतात.

मौज अशी की, ही मालिका आली तेव्हा टाळेबंदीमुळे निम्मे जग घरात कोंडलेले होते आणि वेळ ही एकच वस्तू पुष्कळांजवळ मुबलक होती. तरीही अनेकांना ती संथ वाटली. प्रेक्षकांत सरळ दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, चित्रे सुरेख आहेत, परंतु कथा पुढे सरकत नाही. जी गोष्ट वीस मिनिटांत सांगून होईल तिला तासभर लावणे म्हणजे प्रेक्षकाच्या आयुष्याची उधळपट्टी होय. दुसरा पक्ष म्हणतो, ही संथपणाची तक्रार म्हणजे बिघडलेल्या रुचीचे लक्षण. ज्यांना धावपळ आणि स्फोट यांखेरीज काही रुचत नाही त्यांनी इकडे फिरकूच नये. पहिल्या पक्षाची आणखी एक पोटतक्रार आहे: विज्ञानकथा म्हणता, मग ते यंत्र चालते कसे हे सांगत का नाही?

या पोटतक्रारीचा निकाल आधी लावू, कारण मराठी वाचकाला ती विशेष जवळची आहे. डॉ. जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिकास पात्र ठरली. तेव्हापासून आपल्याकडे विज्ञानकथा म्हटली म्हणजे एखादे शास्त्रीय तत्त्व, त्यातून उद्भवलेला पेच, आणि त्याचा तर्कशुद्ध उलगडा, अशी अपेक्षा दृढ झाली. ही अपेक्षा सुदृढच आहे. ती मनात बाळगून बसलेल्या प्रेक्षकाला येथे उलगडा न मिळाल्यास त्याची निराशा होणे स्वाभाविक आहे. परंतु आंब्याच्या झाडाखाली उभे राहून जांभळे पडत नाहीत म्हणून झाडाला दोष देणे जसे बरोबर नव्हे, तसेच हेही होय. येथे यंत्र हे निमित्त आहे. विषय माणसाच्या काळाचा आहे.

आता मुख्य वादाकडे वळू. आमच्या मते दोन्ही पक्ष ‘संथ’ या एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबीत आहेत. या मालिकेच्या चौथ्या भागात एक मोठा पोकळ गोल आहे. रानात गंजत पडलेला. त्यात तोंड घालून हाक मारली की प्रतिध्वनी येतात, आणि जितके प्रतिध्वनी, तितके आयुष्य शिल्लक, असे आजोबा नातवाला सांगतात. नातू हाक मारतो. त्याचा आवाज प्रतिध्वनीगणिक प्रौढ होत जातो. मग आजोबा हाक मारतात, आणि काहीच ऐकू येत नाही. येथे दिग्दर्शक थांबतो. न येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहणे ही गोष्ट घाईने दाखविता येईल काय? दोन सेकंदांत आटोपले तर ‘आजोबा मरणार’ एवढी बातमी कळेल. परंतु नातवाला ती कशी कळली, हे कळणार नाही. उलट तिसऱ्या भागात एका तरुणीला काळ थांबविण्याचे साधन सापडते. सारे गाव गोठते. ती आणि तिचा प्रियकर तेवढे हिंडत राहतात. आणि त्या थांबलेल्या, अमर्याद फुरसतीतच त्यांचे प्रेम विटते. म्हणजे काळ थांबला की जीवन खोल होते, असे ही मालिका स्वतःच म्हणत नाही. निव्वळ संथपणा हा गुण नव्हे; जी वस्तू संथपणावाचून दिसतच नाही, तिच्यासाठीच तो गुण ठरतो.

आपल्या संगीताला हा विवेक पूर्वीपासून ठाऊक आहे. विलंबित ख्यालात कसलेला गवई एका स्वरावर थांबतो, तेव्हा त्या स्वराच्या पोटातले काहीतरी आपल्या कानी पडत असते. कच्चा गवई थांबतो, तेव्हा त्याला पुढे काय करावयाचे ते सुचलेले नसते, इतकेच. दोघांचीही लय विलंबितच. परंतु पहिल्याच्या बैठकीत रात्र सरल्याचे कळत नाही, आणि दुसऱ्याच्या बैठकीत सतरंजीचे धागे मोजून होतात. तेव्हा कलावंताने प्रेक्षकाजवळ धीर मागावा, परंतु त्याने स्वतः विषयाजवळ धीर धरलेला असला तरच. आणि प्रेक्षकाचे म्हणाल, तर त्याच्यावर कलेचे कसलेही कर्ज नाही. दिवसभर कचेरीत मान मोडून, गाडीच्या गर्दीत उभा राहून घरी आलेल्या माणसाला आठव्या मिनिटाला डुलकी लागली, म्हणून त्याला अरसिक ठरविणारांची रसिकता आम्हांस संशयास्पद वाटते. आपल्या सहनशक्तीचे प्रदर्शन मांडणे ही रसिकता नव्हे. पडद्यापुढे बसलेल्या माणसाला कंटाळण्याचा पूर्ण अधिकार आहे.

येथे हा निबंध संपला असता. परंतु सवय ही अशी वस्तू आहे की ती एका खोलीत कोंडून ठेवता येत नाही. पडद्यापुढे लागलेली नजर आपण दाराबाहेर पडताना डोळ्यांवरून उतरवून ठेवीत नसतो. आणि या मालिकेत जे कल्पिले आहे, म्हणजे साध्या गावांच्या उशाशी उभी राहिलेली अजस्र यंत्रे, ते पाहण्यास ओहायोला जावयास नको. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत गेले तरी पुरे. दक्षिणेस शेजारीच तारापूर, जेथे १९६९ साली भारतातील पहिले अणुविद्युत् केंद्र चालू झाले. डहाणूत चिकूच्या वाड्यांपलीकडे औष्णिक वीजकेंद्राची चिमणी. किनाऱ्यावर वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. मच्छीमारांचा तिला विरोध आहे. आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्ग याच दोन तालुक्यांतून जातो. ती गाडी ताशी ३२० किलोमीटर धावावयाची आहे. म्हणजे मिनिटाला पाच किलोमीटरांहून अधिक. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाण्यास म्हातारीला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात अख्खा तालुका खिडकीतून निघून गेलेला असेल. खिडकीतल्या माणसाला त्या म्हातारीविषयी काय मत बनविता येईल?

या भागाची जगाला झालेली ओळखही चित्रांतूनच झाली. वारल्यांच्या घरी लग्नात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडे, पशुपक्षी, माणसे. सुवासिनी तो लिहितात, धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि तेथून परदेशापर्यंत नेली. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. त्यांनी काढलेल्या मासेमारीच्या जाळ्याकडे पाहावे. बारीक पांढऱ्या रेघा इतक्या दाट की, प्रत्येक रेघेला हाताने दिलेला वेळ नजरेने परत द्यावा तेव्हा कोठे ते जाळे पाण्यात पसरलेले दिसू लागते. आज तीच त्रिकोणी माणसे आमच्या मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यात, पडद्यांवर, चहाच्या पेल्यांवर नाचत आहेत, आणि चहा निवण्यापूर्वी आमचे ती पाहून झालेली असतात.

तथापि नुसते सावकाश पाहिले म्हणजे सारे दिसते, असेही समजू नये. ज्या लग्नासाठी तो सुंदर चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी वारली सावकार-जमीनदाराकडून कर्ज काढी आणि ते फेडण्यासाठी बायकोसकट त्याच्या घरी राबत राही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. चौकासमोर तासन् तास बसून राहणाऱ्या कलाप्रेमी पाहुण्याला पालघट दिसली असती, कर्ज दिसले नसते. या प्रदेशाचे आकाश, ताडांची रांग, संध्याकाळी वाजणारा तारपा, यांचे कितीही दीर्घ, कितीही मनोहर चित्रण करता येईल. आणि त्यातून पाहणाराच्या मनात एवढेच उरेल की, ही माणसे किती शांत! ती शांतता नव्हती, सोशिकपणा होता. संथ जीवन आणि निरुपायाचे जीवन ही दुरून सारखीच दिसतात, आणि सुंदर चित्रणाचा सर्वांत मोठा धोका हाच आहे की, ते आपल्याला दुरूनच समाधानी करते. २३ मे १९४५ रोजी, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली हजारोंनी जमले आणि वेठ करावयाची नाही असे त्यांनी ठरविले, तेव्हा बाहेरच्या जगाला तो अकस्मात झालेला उठाव वाटला. गोदावरी परुळेकरांना तसा वाटला नसावा. पुण्यातील सुशिक्षित घरातली ही बाई पाड्यापाड्यांतून हिंडली, त्यांच्या झोपड्यांतून राहिली, आणि भिऊन गप्प बसणारी माणसे बोलू लागेपर्यंत थांबली. तिने पुढे लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. परंतु पुस्तकाआधीचे ते थांबणे, ते ऐकणे, यात प्रेक्षणीय असे काय होते?

दुसरे उदाहरण याहून रुक्ष आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्याच्या रक्षणासाठी एक प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद वर्षानुवर्षे सांभाळले. सुनावण्या, अर्ज, प्रत्युत्तरे, तारखा. वीजकेंद्राच्या धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवावी, हा आग्रह धरून बसल्यावर ती बसली २००७ साली. त्या दप्तरांची मालिका कोणी काढली, तर पहिल्या भागातच प्रेक्षक उठून जातील. परंतु त्या कंटाळवाण्या कामात कोणी तरी कंटाळला नाही, म्हणून त्या हवेत थोडे कमी गंधक आहे.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. जेथे आपल्या कंटाळ्याने आपलेच काय ते नुकसान होते, तेथे कंटाळण्याचा अधिकार निर्वेध आहे. मालिका बंद करावी, पुस्तक मिटावे, कोणाची चोरी नाही. जेथे दुसऱ्याचे म्हणणे ऐकले जाणे आपल्या लक्षावर अवलंबून आहे, तेथे तो अधिकार मुळीच नाही. संथ कलेची खरी थोरवी असेल तर ती एवढीच की, पहिल्या ठिकाणी ती आपल्याला दुसऱ्या ठिकाणची तालीम देऊ शकते; ताबडतोब काही मिळत नसतानाही लक्ष काढून न घेण्याची तालीम. ती तालीम पडद्यापाशीच संपली, तर ज्याने आठही भाग डोळे न मिटता पाहिले तो आणि ज्याला आठव्या मिनिटाला झोप लागली तो, यांत नैतिकदृष्ट्या काडीचाही फरक नाही.

वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्याच्या नियमांत, कसत असलेल्या जमिनीवरील दावा सिद्ध करण्याचा एक पुरावा म्हणून गावातील वडीलधाऱ्या माणसांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन ग्राह्य धरले आहे. म्हणजे कायद्यानेच कोणाला तरी समोर बसवून ऐकावयास सांगितले आहे. पाड्यावरचा म्हातारा ते निवेदन देऊ लागला की जमिनीपासून सुरुवात करीत नाही; तो बापापासून, एखाद्या दुष्काळापासून, बांधावरल्या मोहाच्या झाडापासून सुरुवात करतो आणि मध्येच गप्प राहतो. लिहून घेणाऱ्याला पुढचा कागद खुणावत असतो. त्या घटकेला त्याचा हात कळ शोधू लागतो की लेखणी धरून ठेवतो, यावर एका कुटुंबाचे शेत राहावयाचे की जावयाचे हे ठरत असते.