आजारपण काढणाऱ्यांसाठी

रोझलिन कार्टर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या जेमतेम सहा-सातशे वस्तीच्या गावात झाला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच गावात, राहत्या घरी, त्यांनी डोळे मिटले. या ९६ वर्षांपैकी चार वर्षं त्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून व्हाइट हाउसमध्ये होत्या आणि बहुतेक लिखाण त्या चार वर्षांभोवतीच घोटाळतं. त्यांच्या आयुष्याचा खरा धागा मात्र एका साध्या प्रश्नाशी बांधलेला आहे: जो दुसऱ्याची काळजी घेतो, त्याची काळजी कोण घेतं?

हा प्रश्न त्यांना पुस्तकात सापडला नव्हता. वडील मोटार मेकॅनिक होते. १९४० मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ते गेले, तेव्हा रोझलिन तेरा वर्षांच्या होत्या. आईने शिवणकाम केलं, पुढे टपाल कार्यालयात नोकरी धरली. चार भावंडांत थोरली असल्याने घर सांभाळण्यात आईच्या बरोबरीने रोझलिनही उभ्या राहिल्या. ज्या वयात मुली खेळतात त्या वयात शिवण, धाकट्यांची उस्तवार आणि अभ्यास हे तिन्ही सांभाळूनही त्या अभ्यासात मागे पडल्या नाहीत.

१९४६ मध्ये नौदल अधिकारी जिमी कार्टर यांच्याशी विवाह झाला. आधी तीन मुलगे, मग बऱ्याच वर्षांनी मुलगी. १९५३ मध्ये सासरे वारल्यावर नवऱ्याने नोकरी सोडून गावी परतायचं ठरवलं, ते रोझलिन यांना मुळीच रुचलं नव्हतं. पण आल्यावर भुईमुगाच्या गोदामातल्या हिशेबाच्या वह्या त्यांनी हाती घेतल्या आणि काही काळातच धंद्याची नाडी त्यांना नेमकी कळू लागली.

जिमींच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात एका पहाटे, साडेचारच्या सुमारास, त्या एका सूतगिरणीच्या दारात उभ्या होत्या. रात्रपाळी करून एक बाई बाहेर आली. केसांत, कपड्यांवर कापसाचे तंतू. आता घरी जाऊन झोपाल ना, या अर्थाचं रोझलिन यांनी विचारलं. पण त्या बाईच्या घरी मानसिक आजार असलेली मुलगी होती. नवरा कामावर गेला की तिच्यापाशी थांबायचं होतं. त्याच दिवशी दुसऱ्या गावात नवऱ्याच्या सभेला आलेल्या लोकांच्या रांगेत रोझलिन स्वतः उभ्या राहिल्या आणि निवडून आल्यावर मानसिक रुग्णांसाठी काय करणार, हे त्यांनी उमेदवारालाच विचारलं.

पुढचं सारं काम त्या पहाटेतून निघालं. मानसिक रुग्णांसाठीच्या राज्याच्या आयोगावर काम करतानाच त्या अटलांटातल्या मनोरुग्णालयात स्वयंसेविका म्हणून जात. १९७७ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षांच्या मानसिक आरोग्य आयोगाच्या मानद अध्यक्षा झाल्या, १९७९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. १९८० मध्ये मानसिक आरोग्य सेवांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी नव्या सरकारने त्यातला बहुतेक भाग रद्द केला. एवढ्या खटपटीनंतर कोणीही खचलं असतं. त्यांनी पिच्छा सोडला नाही. २००७ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्या पुन्हा संसदीय समितीपुढे बसल्या. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवणारा कायदा २००८ मध्ये मंजूर झाला.

मराठीत एखाद्याचं ‘आजारपण काढलं’ असं म्हणतात. जागरणं, पथ्यपाणी, अंथरूण बदलणं, कावलेल्या रुग्णाचं बोलणं ऐकून घेणं, हे सगळं त्या एका क्रियापदात येतं. विचारपूस मात्र अंथरुणावरच्या माणसाची होते, उशाशी बसलेल्याची नाही. रोझलिन यांनी बोट ठेवलं ते इथेच. १९८७ मध्ये, ज्या कॉलेजात त्या शिकल्या तिथेच, काळजीवाहकांसाठी संस्था सुरू झाली. जगात चारच प्रकारची माणसं असतात, असं त्या सांगत: आजवर कोणाची शुश्रूषा केलेली, आज करणारी, उद्या करावी लागणारी आणि ज्यांना स्वतःलाच शुश्रूषा लागेल अशी. या विभागणीतून कोणी सुटत नाही, हेच तिचं बळ आहे. घरातली सेवा ही बाईची नैसर्गिक जबाबदारी मानून सोडून द्यायची, की समाजाने मोजायचं आणि वाटून घ्यायचं काम मानायचं, हा वाद त्यांनी धोरणाच्या टेबलापर्यंत नेला.

त्यांची श्रद्धाही अशीच हातांनी करायची होती. प्लेन्समधलं मारानाथा बॅप्टिस्ट चर्च १९७७ मध्ये उभं राहिलं, ते कृष्णवर्णीयांना मंडळीत घ्यायचं की नाही या वादातून जुनं चर्च फुटल्यावर. व्हाइट हाउस सोडून आल्यावर कार्टर दांपत्य या नव्या मंडळीत दाखल झालं. रविवारी जिमी बायबल शिकवत, दूरदूरहून लोक येत. त्या इमारतीच्या पाळ्यांमध्ये जिमी यांच्या वाट्याला गवत कापणं, तर रोझलिन यांच्या वाट्याला स्वच्छतागृहं साफ करणं आलं. पुढे त्या तिथे डीकनही झाल्या. रात्री झोपण्यापूर्वी दोघं बायबल वाचत, आणि परदेशी भाषेचा सराव म्हणून स्पॅनिशमधूनही.

१९८४ पासून दोघं दरवर्षी आठवडाभर हातोडी घेऊन गरिबांची घरं बांधायला जात. २००६ मध्ये हे काम लोणावळ्याजवळच्या पाटण गावी झालं. कार्टर घराण्याला महाराष्ट्र नवा नव्हता. जिमींच्या आई लिलियन, ज्या रोझलिन यांच्या जन्मावेळी परिचारिका म्हणून हजर होत्या, वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून येऊन विक्रोळीत रुग्णसेवा करून गेल्या होत्या.

मे २०२३ मध्ये रोझलिन यांना स्मृतिभ्रंश झाल्याचं कुटुंबाने जाहीर केलं. त्या स्वतः सांगत त्या चौथ्या प्रकारात आता त्या होत्या, आणि सोबतीला ७७ वर्षांच्या संसारातला, स्वतःही आजारी असलेला नवरा. त्यांच्या मागे चार मुलं, ११ नातवंडं आणि १४ पतवंडं राहिली. २९ नोव्हेंबरला मारानाथा चर्चमध्ये अंत्यविधी झाला आणि घराच्या आवारातच, तळ्याकाठी, त्यांना मूठमाती देण्यात आली.