आगकाड्यांचा संग्रह व शेजारधर्म

पुठ्ठ्याच्या घडींत अडकविलेल्या आगकाड्यांचें पेटंट जोशुआ प्यूसी यानें १८९२ सालीं अमेरिकेंत मिळविलें. ही चिमुकलीं मॅचबुकें पुढें जाहिरातीसाठीं फुकट वांटलीं गेलीं. आणि वापरून फेंकावयाची वस्तु लोक जपूं लागले. जपावी कशी, याविषयीं मात्र संग्राहकांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष तारेचा टांका सोडवून काड्या टाकून देतो व वेष्टन सपाट करून वहींत लावितो. दुसरा विचारतो, पानें फाडून नुसता पुठ्ठा जपणाऱ्यास ग्रंथप्रेमी म्हणावें काय?

हा प्रश्न आम्हांस मार्मिक वाटतो. पण येथें प्रश्न केवळ रसिकतेचा नाहीं. काडीच्या गुलांत पोटॅशियम क्लोरेट असतें, घासपट्टींत तांबडा फॉस्फरस. आणि जुन्या मॅचबुकांत ही पट्टी बहुधा पुढच्याच बाजूस असे. ती मागें गेली १९७० नंतरच्या दशकांत. अशीं शेंकडों भरलेलीं मॅचबुकें खोक्यांत दाटून माळ्यावर ठेवणारा मनुष्य खालीं निजलेल्या मुलांस व भिंतीपलीकडील शेजाऱ्यास, न विचारतां, आपल्या छंदाचे भागीदार करितो. तेवढा अधिकार छंदास नाहीं.

भरलेलीं ठेवावयाचींच तर मोजकीं ठेवावीं, प्रत्येक निराळ्या पाकिटांत, कोरड्या व थंड जागीं. आणि घरच्यांस तसें सांगावें. बाकीच्यांच्या काड्या काढाव्या. टांका गंजून पुठ्ठ्यावर डाग पाडतो, तेव्हां तो गेल्यानें वेष्टनाचेंही हितच होतें. काढलेल्या काड्या मात्र कोरड्या कचऱ्यांत टाकूं नयेत. आधीं पाण्यांत चांगल्या भिजवाव्या.